दुसरी बाजू

पत्र्याची ट्रंक उघडली, तर आत अजून कृष्णा होती.
एकोणीसच्या पुराची, वाळलेली,
बोटाला पिठीसारखी लागणारी.
वरच्या चाळीस वाचल्या होत्या. खालच्या
एकमेकींना चिकटून बसलेल्या,
एसटीत जागा न सोडणाऱ्या बायांसारख्या.

शीतल म्हणतो, ताई, विश्रामबागच्या फ्लॅटला माळा नाही.
म्हणजे काय, ते मला कळतं.
हिशेबाआधी तो अण्णांसारखाच घसा खाकरतो.

चौगुले साउंड सर्व्हिस, गावभाग.
दोन कर्णे, एक मशीन, पोत्यात गुंडाळलेल्या वायरी
आणि ह्या रेकॉर्डी.
कव्हरांवरची छापील नावं पाण्यानं नेली,
अण्णांची शिसपेन्सिल मात्र टिकली:
“वरातीला चालते.”
“पहाटे लावू नये.”
“ही लावली की भांडणं होतात.”
“मगदूम, कवठेपिरान, बारसं. बाकी रु. ११.”
अकरा रुपये आले की नाही, लिहिलेलं नाही.
मगदूमांचं ते बाळ आता पन्नाशीचं असेल.
उधारीवर नाव ठेवलं गेलं त्याचं,
हे कुणी सांगावं त्याला?

मिरजेहून इरफान बारगीर आला स्कूटरवर,
प्लेअर पाठीशी बांधून, लेकरू बांधतात तसा.
तबकडी उजेडात तिरकी धरून बघतो,
पेठेतला अडत्या हळकुंड मोडून बघतो तसं.
“ही घेतो. ही घेतो. ही... हिच्यावर लिहिलंय, ताई.”
कोऱ्या कव्हराचे चारशे,
लिहिलेल्याचे दीडशे.
म्हणजे अण्णांचं अक्षर अडीचशे रुपयांचं,
फक्त उलट्या बाजूनं.

मी आधी ठरवलं, वाजतील त्या ठेवायच्या.
मग ठरवलं, वाजतील त्याच द्यायच्या,
कुणीतरी ऐकेल.
मग चहा झाला, आणि काहीच ठरलेलं राहिलं नाही.
नाट्यपदं गेली. लावण्या गेल्या, त्यांना भाव बरा आला.
इंग्रजी शिकवणारी बाई गेली.
ती “गुड मॉर्निंग” म्हणून थांबायची
आमच्या उत्तरापुरती जागा कोरी सोडून,
आणि शीतल आणि मी, दात न घासता, ओरडायचो.
इरफाननं तिला पिशवीत घातलं तेव्हा
मी ओठ न हलवता म्हणून घेतलं.

तळाशी सनईची होती.
कव्हरावर: “नांद्रे. घरचं कार्य.”
बाकीच्या जागी नुसती रेघ.

आई ही गोष्ट जन्मभर चिडून सांगत आली.
अंतरपाट धरलेला, अक्षता मुठीमुठीत,
आणि सनई थांबली, तसा नवरदेव
पाटावरून उठून गेला बाजू बदलायला.
मांडव हसला.
“हार धरून माझे हात भरून आले,
आणि हे तिकडं फुंकर मारून सुई साफ करतायत.”

इरफाननं पुसून लावली.
आधी गाळ वाजला. बराच वेळ गाळच.
मग त्याच्या पलीकडून,
नदीच्या पैलतीराला कुणाचं तरी लग्न असावं
तशी सनई.
“हिचं काही येणार नाही,” तो म्हणाला.
शीतल म्हणाला, टाक.
मी विचारलं, प्लेअर केवढ्याला?

हिशेब झाला तेव्हा
आम्हीच इरफानचे नऊशे रुपये लागत होतो.
शीतलनं घसा खाकरला, पण बोलला नाही.
मी एका कव्हरावर लिहून ठेवलं.

विश्रामबाग, तिसरा मजला.
आई उजव्या कानानं थोडं ऐकते,
डाव्यानं अंदाज बांधते.
कसली रेकॉर्ड, विचारलं नाही तिनं.
बाजू संपली. सुई आतल्या कड्यात
खर्र, खर्र, नुसतीच फिरत राहिली.
मी बदलायला उठले.

“बस,” आई म्हणाली, माझ्याकडं न बघता.
“आता कुणी उठायचं नाही.”